वरच्या ओळीत पाहुणे

२०२५ साली वानखेडे स्टेडियमला पन्नास वर्षं झाली आणि जो तो आपापल्या आठवणी सांगत सुटला. मी एक कागद घेतला आणि तोवर या मैदानावर झालेल्या सर्वांत मोठ्या खेळी एकाखाली एक लिहून काढल्या. कसोटीत क्लाइव्ह लॉइड, नाबाद २४२. एकदिवसीय सामन्यांत ग्लेन मॅक्सवेल, नाबाद २०१. आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीत अभिषेक शर्मा, १३५. आयपीएलमध्ये एबी डिव्हिलियर्स, नाबाद १३३. एक गयानाचा, एक ऑस्ट्रेलियाचा, एक अमृतसरचा, एक दक्षिण आफ्रिकेचा. दादर, माटुंगा, शिवाजी पार्क औषधालाही नाही.

ज्या शहराने विजय मर्चंटपासून रोहित शर्मापर्यंत फलंदाजांची रांग लावली, शाळाशाळांच्या सामन्यांतल्या धावा जिथे वर्तमानपत्रात छापून यायच्या आणि घराघरांत वाचल्या जायच्या, त्या शहराच्या मैदानावर पहिली ओळ पाहुण्यांची. जरा खट्टू व्हायला होतं खरं. पण यादी नुसती वरून वाचायची नसते. खाली उतरत गेलं, कोपऱ्यातलेही आकडे पाहिले, की या मैदानाचा स्वभाव हळूहळू कळायला लागतो.

मुळात नावच घ्या. बॅरिस्टर शेषराव वानखेडे हे नागपूरकडचे. १९७२ ते १९७७ या काळात ते विधानसभेचे अध्यक्ष होते आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनचेही. त्या वेळी मुंबईतले कसोटी सामने ब्रेबर्न स्टेडियमवर व्हायचे आणि ब्रेबर्न होतं क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचं. दर सामन्याला तिकिटांच्या वाटणीवरून कुरबुर. क्लबचे अध्यक्ष विजय मर्चंट, म्हणजे मुंबईच्या फलंदाजीचे आद्यपुरुषच. आमदारांच्या एका प्रदर्शनी सामन्यासाठी वानखेडे मैदान मागायला गेले तेव्हा मर्चंटांनी नकार दिला आणि वानखेड्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की आता आपलं स्वतःचं मैदान बांधायचं, अशी गोष्ट सांगितली जाते. शशी प्रभू या तरुण आर्किटेक्टने नकाशे काढले आणि ब्रेबर्नपासून दहा मिनिटांच्या चालीवर, रेल्वे रुळांना लागून, वर्षभराच्या आसपास स्टेडियम उभंही राहिलं. मजा पुढेच आहे. ज्या मर्चंटांच्या नकारातून हे मैदान जन्माला आलं, त्यांच्या नावाचा स्टँड आज वानखेडेवर आहे. मुंबईत भांडण आणि मोठेपणा दोन्ही एकाच खात्यावर जमा होतात, त्याचा हा नमुना.

जानेवारी १९७५ मध्ये पहिली कसोटी झाली. वेस्ट इंडिजविरुद्ध मालिकेतली पाचवी. आधीच्या चारांत दोन त्यांनी जिंकलेल्या, दोन आपण, त्यामुळे ही निर्णायक आणि म्हणून सहा दिवसांची. इथलं पहिलं कसोटी शतकही पाहुण्याचंच, रॉय फ्रेडरिक्सचं, १०४. मग लॉइड आला. कर्णधार म्हणून त्याची ही पहिलीच मालिका. मुंबई त्याला नवी नव्हती. त्याचं कसोटी पदार्पण इथलंच, १९६६ मध्ये ब्रेबर्नवर, ८२ आणि नाबाद ७८. आता नव्या मैदानावर त्याने नाबाद २४२ ठोकल्या. जाड चष्मा, खांदे किंचित पुढे झुकलेले, हातात त्याची ती जडशीळ बॅट. समोर बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर. पाहुण्यांनी ६ बाद ६०४ वर डाव सोडला.

लॉइडचं द्विशतक पूर्ण झालं तेव्हा एक पोरगा कुंपण ओलांडून त्याचं अभिनंदन करायला धावला. पोलिसांनी त्याला धरून बडवला. आणि स्टेडियम पेटलं. तोडफोड, दंगल, खेळ बंद. मला या प्रसंगाचं फार अप्रूप वाटतं. ज्याने आपल्या तिन्ही फिरकी गोलंदाजांना धुऊन काढलं, जो मालिका आपल्या हातून हिसकावून न्यायला आलाय, त्याच्या पाठीवर थाप मारायला गेलेल्या पोरासाठी हजारो मुंबईकर पोलिसांशी भांडले! दंगलीचं समर्थन कुणी करू नये. पण रागाचं कारण पाहावं. सामना आपण २०१ धावांनी हरलो, मालिका ३-२ अशी गमावली, आपले कर्णधार पतौडी त्यानंतर कसोटी खेळले नाहीत. आणि या सगळ्यात आपल्या बाजूने शतक कुणाचं? एकनाथ सोलकरचं, १०२. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. मैदानाच्या कडेच्या झोपडीत वाढलेला. वानखेडेवर भारतातर्फे पहिलं कसोटी शतक त्याचं, आणि त्याच्या कारकिर्दीतलं एकुलतं एक. १०२ हा आकडा कुठल्याही यादीत वर येत नाही. वरून वाचणाऱ्याला तो दिसणारच नाही.

आता यादी बदलून पाहू. एका डावातल्या धावा सोडा, एकूण धावा घ्या. कसोटीत वानखेडेवर सर्वांत जास्त धावा कुणाच्या? सुनील गावसकर. ११ कसोटी, ११२२ धावा, पाच शतकं. १९७६ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध ११९, १९७७ मध्ये इंग्लंडविरुद्ध १०८, १९७८ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध २०५, १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध १२३ आणि १९८६ मध्ये पुन्हा ऑस्ट्रेलियाविरुद्ध १०३. दुसरा तेंडुलकर, त्याच्याही ११ कसोटी, ९२१ धावा. इथे मुंबईकर ठाण मांडून बसलेले सापडतात. पाहुणा येतो, एक दिवस डोळे दिपवून जातो. घरचा माणूस दर वर्षी येऊन पन्नास-साठ जमा करत राहतो. खडूसपणा म्हणतात तो हाच, बहुधा. गावसकरची २०५ सोडली तर त्या पाच शतकांतलं एकही दीडशेच्या पुढे नाही. गरज होती तेवढं केलं, पुढच्याला बॅट दिली.

तेंडुलकरचं प्रकरण मात्र वेगळं आहे आणि ते मला कधीच नीट उमगलेलं नाही. डिसेंबर १९८८ मध्ये रणजी पदार्पणात, पंधराव्या वर्षी, गुजरातविरुद्ध याच मैदानावर नाबाद १००. सुरुवात अशी, की पुढे या माणसाने इथे शतकांची रास घालावी. प्रत्यक्षात कसोटीत वानखेडेवर त्याचं शतक एकच, १९९७ मध्ये श्रीलंकेविरुद्ध १४८. पन्नाशी ओलांडलेल्या त्याच्या बाकीच्या खेळी एका ओळीत लिहून पाहा: ७८, ८५, ९७, ७६, ६५, ५५, ९४, ७४. कसोटीत ५१ शतकं काढणाऱ्या माणसाची ही घरच्या मैदानावरची ओळ. यातल्या ९७ दक्षिण आफ्रिकेविरुद्ध, २००० साली. ९४ वेस्ट इंडिजविरुद्ध नोव्हेंबर २०११ मध्ये, जेव्हा अख्खा देश त्याच्या शंभराव्या आंतरराष्ट्रीय शतकाची वाट बघत होता. रामपॉलचा उसळलेला बॉल, स्लिपमध्ये सॅमीच्या हातात झेल. दोन वर्षांनी शेवटच्या कसोटीत ७४, आणि झेल पुन्हा सॅमीचाच, गोलंदाज या खेपेला देवनारायण. त्या शेवटच्या सामन्यात शतकं झाली ती पुजाराचं ११३ आणि रोहितचं नाबाद १११. लोकांना आज विचारा, दोन्ही आकडे कुणाला आठवत नाहीत. ७४ आठवतात.

आणि याच प्रेक्षकांनी मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्ध तो २१ चेंडूंत १ करून बाद झाला तेव्हा त्याची हुर्यो उडवली होती. वानखेडेचा प्रेक्षक जाणकार, असं आपण अभिमानाने म्हणतो. असतो तो जाणकार. पण जाणकाराला उद्धटपणाची सवलत असते असं तो स्वतःच ठरवून टाकतो. तो दिवस आठवला की अजून तोंड कडू होतं.

१ नोव्हेंबर २०२३ ला मैदानात तेंडुलकरचा पुतळा बसवला गेला. पंधरवड्याच्या आत, १५ नोव्हेंबरला, विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात विराट कोहलीने न्यूझीलंडविरुद्ध ११७ काढल्या. एकदिवसीय सामन्यांतलं पन्नासावं शतक. तेंडुलकरचा ४९ शतकांचा विक्रम मोडला तो त्याच्या घरात, तो समोर बसलेला असताना, आणि मोडणारा दिल्लीचा. कोहलीने स्टँडकडे बघून वाकून नमस्कार केला. कसोटीतही भारतीयाची इथली सर्वांत मोठी खेळी कोहलीचीच, २०१६ मध्ये इंग्लंडविरुद्ध २३५. त्याआधी ती विनोद कांबळीची होती, १९९३ मध्ये इंग्लंडविरुद्धच २२४, आणि ते त्याचं पहिलंच कसोटी शतक. तेवीस वर्षं भारतीयांत एक मुंबईकर वरच्या ओळीत होता, तोही गेला.

पाहुण्यांना इथे एवढं का मानवतं? एक तर माती. वानखेडेची खेळपट्टी लाल मातीची. ताजी असताना बॉल उसळून, सरळ बॅटवर येतो. ज्यांचं सगळं आयुष्य उसळत्या खेळपट्ट्यांवर गेलं त्यांना असा बॉल म्हणजे आवतणच. आउटफील्ड वेगवान, सीमारेषा फार लांब नाहीत. तीच माती कोरडी ठेवली की दुसऱ्या दिवसापासून भुगा सुटतो आणि फिरकी वळते. नोव्हेंबर २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध असा आखाडा झाला की चार डाव १०४, २०३, २०५ आणि ९३ वर आटपले, आणि मायकेल क्लार्कसारख्या कामचलाऊ फिरकीवाल्याने ९ धावांत ६ बळी घेतले. आपण १३ धावांनी जिंकलो, म्हणून फार कुणी बोललं नाही. पण आपण वळणारी खेळपट्टी मागितली आणि ती आपल्यावरच उलटली, असंही इथे झालंय. २०१२ मध्ये पीटरसनने १८६ काढल्या त्या अशाच खेळपट्टीवर, कूकने १२२, आणि इंग्लंड दहा गडी राखून जिंकलं. पीटरसनची ती खेळी मला परदेशी फलंदाजाने भारतात केलेल्या सर्वांत देखण्या खेळींपैकी वाटते. ओझाला त्याने एक्स्ट्रा कव्हरवरून मारलं ते कोपर उंचावून, जणू वळणारा बॉल म्हणजे कुणीतरी उठवलेली अफवा. एका एजाझ पटेलने याच मातीत डावातले दहाच्या दहा बळी घ्यावेत असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण डिसेंबर २०२१ मध्ये त्याने न्यूझीलंडसाठी खेळताना तेच केलं, ११९ धावांत १०. तोही पाहुणा, फक्त जन्म मुंबईचा. असो. विषय फलंदाजीचा आहे.

दुसरी गोष्ट वारा. समुद्र पलीकडच्या रस्त्यावर. सकाळी खेळपट्टीत दमटपणा असतो, सूर्य वर येईपर्यंत बॉल हलतो. दिवस-रात्र सामन्यात हेच उलटं होतं: दुपारी फलंदाजी म्हणजे मेजवानी, दिवे लागल्यावर नवा बॉल पहिली दहा-पंधरा षटकं स्विंग होतो. २०२३ च्या विश्वचषकात हे लख्ख दिसलं. इथे पाच सामने झाले. पहिल्या डावातल्या धावसंख्या ३९९, ३८२, ३५७, २९१, ३९७. पाठलाग करताना इंग्लंड १७० वर संपलं, श्रीलंका ५५ वर. पाचांत पाठलाग जमला एकाच संघाला, एकाच दिवशी, आणि खरं सांगायचं तर तोही एकाच माणसाला.

७ नोव्हेंबर. अफगाणिस्तानने इब्राहिम झद्रानच्या नाबाद १२९ च्या जोरावर २९१ केल्या होत्या. उमरझाईने लागोपाठच्या चेंडूंवर वॉर्नर आणि इंग्लिसला घालवलं आणि ४ बाद ४९ वर मॅक्सवेल आला तो थेट हॅट्ट्रिकच्या बॉलला सामोरा. मग ७ बाद ९१. त्याला पायचीत दिलं होतं, ते रिव्ह्यूवर फिरलं. ३३ वर असताना मुजीबने शॉर्ट फाइन लेगला त्याचा सोपा झेल सोडला. इथपर्यंत ही नशिबाची गोष्ट होती. यापुढची नाही.

पायांत गोळे यायला लागले. आधी पोटरी, मग मांड्या, पाठ. एकदा तर धाव घेताना तो खेळपट्टीशेजारी आडवाच झाला, फिजिओ धावत आला, सीमारेषेवर झॅम्पा पॅड बांधून तयार. गेला नाही. उठला आणि एक हिशोब केला: धावायचं नाही, पाय हलवायचे नाहीत. फलंदाजीचं पहिलं सूत्र काय, तर पाय बॉलकडे न्या. शिवाजी पार्कवर कुठल्याही नेट्समागे उभे राहा, सरांचा हाच एक ओरडा ऐकू येईल. मॅक्सवेलने ते अख्खं सूत्र त्या रात्री गुंडाळून ठेवलं. दोन्ही बूट जमिनीत रोवलेले, कमरेच्या वरचं सगळं अंग आणि मनगटं मोकळी, आणि बॉल थर्ड मॅनवरून, मिडविकेटवरून, वाटेल तिथून प्रेक्षकांत. शेवटी मुजीबच्याच षटकात षटकारांवर षटकार मारून सामना संपवला. १२८ चेंडूंत नाबाद २०१, २१ चौकार, १० षटकार. एकदिवसीय सामन्यात पाठलाग करताना झालेलं ते पहिलंच द्विशतक.

आझाद मैदानावर क्लब सामन्यांचं स्कोअरिंग करत हयात घालवलेले एक काका माझ्या ओळखीचे आहेत. ते टीव्हीवरचा सामनाही वहीत उतरवतात. बारीक टोक काढलेली पेन्सिल, शेजारी खोडरबर, बाजूला चहा गार झालेला. धाव नसलेल्या बॉलला ठिपका. षटकात सहाही ठिपके पडले की ते जोडून इंग्रजी एम काढायचा, निर्धाव. त्या रात्रीचं पान त्यांनी मला दाखवलं. मॅक्सवेलच्या नावापुढे चौके-छक्क्यांची अशी दाटी की रकाना संपून आकडे समासात गेलेले. आणि खालच्या ओळीत कमिन्स. ठिपका, ठिपका, ठिपका, एक, ठिपका, ठिपका. ६८ चेंडू, १२ धावा, नाबाद. दोघांची भागीदारी नाबाद २०२ ची. काकांनी बोट ठेवलं ते कमिन्सवर. "ही बॅटिंग बघ," म्हणाले. "वरची काय, कुणीही बघेल."

बाकीचे पाहुणे भराभर उरकतो. १९८७ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ग्रॅहम गूचने मनिंदर आणि शास्त्रीला स्वीप मार मार मारून ११५ केल्या. त्याच सामन्यात गावसकर ४ वर डिफ्रेटसकडून त्रिफळाचीत झाला आणि भारतातर्फे पुन्हा खेळला नाही. १९९६ मध्ये वानखेडेवर पहिल्यांदा दिव्यांच्या प्रकाशात आंतरराष्ट्रीय सामना झाला, त्यात मार्क वॉच्या १२६. तेंडुलकर ९० वर वॉच्याच वाइड बॉलवर यष्टिचीत. १९९७ मध्ये जयसूर्या, नाबाद १५१. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ४३८, एकाच डावात डी कॉक, ड्यू प्लेसी आणि डिव्हिलियर्स अशी तीन शतकं. २०१६ मध्ये गेलचं ४७ चेंडूंतलं शतक. टी-ट्वेंटीतल्या आकड्यांशी माझं फारसं जुळत नाही. ते आले तसे जातात. अभिषेकने ५४ चेंडूंत १३५ केल्या, १३ षटकार मारले, बघताना टाळ्याही वाजवल्या. पण पुढच्या हंगामात कुणी मोडल्या तर घसा दाटून येणार नाही.

आणि २ एप्रिल २०११. विश्वचषकाचा अंतिम सामना. त्यातलं एकमेव शतकही पाहुण्याचंच, जयवर्धनेचं नाबाद १०३. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शतक काढून हरलेला तो पहिला. आपल्या बाजूला गंभीर ९७, धोनी नाबाद ९१. गंभीर पुढे सरसावून मारायला गेला आणि त्रिफळा उडाला, तेव्हा त्याची जर्सी मातीने माखलेली होती. या मैदानावर भारतीयांनी केलेली सर्वांत मोलाची खेळी शतकाच्या यादीत नाही. धोनीचा तो कुलसेकराला मारलेला षटकार भिंतीभिंतीवर लागला, ९७ बिचारे तीन धावांनी भिंतीबाहेर.

मग मुंबईच्या मोठ्या खेळी गेल्या कुठे? आहेत, याच मैदानावर आहेत. फक्त त्या झाल्या तेव्हा स्टँड रिकामे होते.

१० जानेवारी १९८५. रणजीत मुंबई विरुद्ध बडोदा. रवी शास्त्रीने तिलक राजच्या एका षटकात सहा षटकार मारले आणि ११३ मिनिटांत नाबाद २००, वेळेच्या हिशोबाने प्रथम श्रेणीत तोवरचं सर्वांत जलद द्विशतक. त्याच्या थोडेच दिवस आधी ईडन गार्डन्सवर इंग्लंडविरुद्ध याच शास्त्रीने १११ काढताना प्रेक्षकांचा अंत पाहिला होता. ते हजारोंनी पाहिलं, हे मूठभरांनी. आज मात्र निम्मी मुंबई सांगेल की आपण त्या दिवशी वानखेडेवर होतो.

१९९०-९१ च्या हंगामात रणजीच्या उपांत्य सामन्यात संजय मांजरेकरने हैदराबादविरुद्ध ३७७ केल्या. मुंबई ६ बाद ८५५. लॉइडच्या २४२ पेक्षा शंभराहून जास्त, पण आंतरराष्ट्रीय यादीत या धावांना जागा नाही, आणि मांजरेकरांच्या त्या खेळीचं कौतुक करणाराही सहसा "पण खेळपट्टी पाटा होती" असं शेपूट जोडतोच. बत्तीस वर्षं ती मुंबईकराची सर्वांत मोठी खेळी होती. २०२३ मध्ये पृथ्वी शॉने ३७९ करून ती मागे टाकली, आणि ती कुठे? आसामात. आपण तिकडे पाहुणे होतो. जानेवारी २०२० मध्ये सर्फराज खानने वानखेडेवरच नाबाद ३०१ काढल्या, त्या उत्तर प्रदेशविरुद्ध, ज्या संघाकडून तो मधली काही वर्षं खेळून आला होता. अशा सामन्याला गेलात तर बॅटवर बॉल लागल्याचा आवाज थेट वरच्या पायऱ्यांपर्यंत येतो, यष्टिरक्षकाची बडबड शब्दन्‌शब्द ऐकू येते आणि शेजारून लोकल गेली की फिरकी गोलंदाज क्षणभर थांबतो. माझ्या मते या मैदानावर क्रिकेट बघायचं तर असंच बघावं.

आणि त्याच १९९०-९१ च्या हंगामाचा अंतिम सामना, मे १९९१. मुंबई विरुद्ध हरियाणा. शेवटच्या दिवशी मुंबईला ३५५ हव्यात. समोर कपिल देव, चेतन शर्मा. ३ बाद ३४ वर अठरा वर्षांचा तेंडुलकर आला आणि ७५ चेंडूंत ९६ मारून गेला. पुन्हा नव्वदीतच, बघा. दिलीप वेंगसरकर एका टोकाला उभा. दुसरीकडून गडी जात राहिले. वेंगसरकरच्या पायात गोळे आले, त्याच्याऐवजी धावायला रनर म्हणून लालचंद राजपूत. शेवटचा गडी अॅबे कुरुविला, आणि तरी धावा निघत होत्या, चाळीसच्या वर निघाल्या. तीन हव्या होत्या तेव्हा कुरुविला धावचीत. हरियाणा दोन धावांनी विजयी. वेंगसरकर १३९ वर नाबाद, आणि शंभरावर कसोटी खेळलेला तो गडी मैदानात ढसाढसा रडला. आदल्या सामन्यातल्या ३७७ आणि या १३९. एकच मैदान, एकच हंगाम, एकच संघ.

मध्यंतरी काकांना तो माझा कागद दाखवला. लॉइड, मॅक्सवेल, अभिषेक, डिव्हिलियर्स. खाली थोडी जागा सोडून मी वेंगसरकरच्या १३९ लिहिल्या होत्या.

"काका, एकच खेळी भिंतीवर लावायची म्हटली तर तुम्ही कुठली लावाल?"

त्यांनी चष्मा वर सरकवला, कागद लांब धरला आणि सरळ तळाला गेले.

"पण त्या दिवशी आपण हरलो ना," मी म्हटलं.

"दोन रननी," काका म्हणाले. "आणि आउट झाला तो कुरुविला. तू इथे नुसतं १३९ लिहिलंयस. नाबाद लिही आधी."